दापोलीतलं एक घरगुती गॅरेज: खड्डा, भराव आणि विहीर

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यातलं एक गाव, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत. घर जांभ्या चिऱ्यांचं, कौलारू. पुढे अंगण, मागे विहीर, उत्तरेला रिकामा गोठा. घरमालक पन्नाशीचे आंबा बागायतदार आहेत. या लेखात त्यांना अप्पा म्हणतो. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तरुणपणी त्यांनी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला आणि मुंबईत टॅक्सी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात काही वर्षं काढली. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी रोज हाताखालून जायची, त्यामुळे क्लच, ब्रेक, कार्बोरेटर या कामांची त्यांना भीती नाही. वडील गेल्यावर ते बाग सांभाळायला गावी परतले.

घरात दोन गाड्या. एक वडिलांची मारुती ८००, कार्बोरेटरच्या काळातली. दुसरी बोलेरो, जी घरची माणसं, खताची पोती आणि हंगामात आंब्याच्या पेट्या अशी सगळी ने-आण करते. धाकटे भाऊ मुंबईत नोकरीला आहेत. शिमगा, मे महिना आणि गणपती या तीन वेळी ते सहकुटुंब येतात आणि तेवढे दिवस दारात तिसरी गाडी असते, सीएनजीवर चालणारी.

मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवतो. अप्पा पहिला आराखडा घेऊन आले तेव्हापासून गॅरेज उभं राहून एक पावसाळा सरेपर्यंतचा प्रत्येक टप्पा मी जवळून पाहिला. घरगुती गॅरेज म्हटलं की लोक आधी हत्यारांची यादी मागतात. इथे मात्र अवघड निर्णय जवळजवळ सगळे जमिनीचे आणि पाण्याचे होते, आणि ते पहिलं हत्यार विकत घेण्याआधीच घ्यावे लागले. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

अडचण

किनाऱ्याजवळ गाडी खालून सडते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, सस्पेन्शनचे बोल्ट गंजतात. घाटावर जी गाडी वर्षातून एकदा खालून बघितली तरी चालते, ती इथे दोन-तीनदा बघावी लागते. शहरातलं वर्कशॉप लांब, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथे प्रत्येक बागायतदाराची गाडी रांगेत. नेमकी तेव्हाच गाडी दोन दिवस अडकवून ठेवणं परवडत नाही.

अप्पा म्हणून घरच्या अंगणातच काम करायचे. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन दगडासारखी असते, पावसाळ्यात तीच जमीन जॅकखाली दबते. ते जॅकखाली फळी ठेवत. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर बोलेरोच्या पुढच्या ब्रेकचं काम चालू असताना फळी एका बाजूने रुतली, जॅक कलला आणि चाक काढलेली बाजू खाली आली. गाडीखाली कोणी नव्हतं. ब्रेक डिस्कमागचं पत्र्याचं कव्हर वाकलं, एवढ्यावर निभावलं. पण त्यांचा मुलगा काही मिनिटांपूर्वीच त्याच चाकाजवळ आडवा पडून बोल्ट बघत होता. त्या दिवशी अप्पांच्या पत्नीने सांगितलं की असं काम या अंगणात पुन्हा होणार नाही, आणि तो शेवटचा शब्द ठरला.

गरज एका ओळीत सांगता येत होती: वर्षभर न दबणारी सपाट जमीन, पावसातही काम करता येईल असं छप्पर आणि गाडीखाली पोहोचेल असा उजेड. बाकी सगळं नंतरचं.

जागा कुठली, आणि ती कोणाची

जागेसाठी तीन पर्याय होते. पहिला गोठा. भिंती तयार, पण वळचणीची उंची जेमतेम सात फूट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोठा विहिरीच्या वरच्या अंगाला, तिच्यापासून चाळीस फुटांवर. जांभा हा भोकाभोकांचा दगड आहे, वर ओतलेलं पाणी तो गाळून खाली देतो. सांडलेलं तेल, ब्रेक फ्लुइड, रेडिएटरचं कूलंट त्याच वाटेने विहिरीकडे जाणार. घर ज्या विहिरीचं पाणी पितं तिच्या वरच्या बाजूला गाडीचं काम नको, हे मी पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगितलं. संपूर्ण प्रकरणात माझं इतकं ठाम मत दुसऱ्या कशावरच नव्हतं.

दुसरा पर्याय अंगणाचा कोपरा. घरातून वीज जवळ, पण मांडव, लग्नकार्य, वाळवण सगळं त्याच अंगणात होतं. घरातल्या बायकांनी तो पर्याय मोडीत काढला आणि ते योग्य होतं.

तिसरी जागा वाटेकडची, उताराला. विहिरीपासून लांब आणि तिच्यापेक्षा तीनेक फूट खाली. वाहून जाणारं काही असलंच तर ते विहिरीपासून दूर जाणार. अडचण एकच: जमीन उतरती, त्यामुळे एका टोकाला अडीच फूट भराव लागणार. हीच जागा ठरली, आणि पुढच्या बहुतेक अडचणी या भरावातूनच निघाल्या.

मात्र त्याआधी एक गोष्ट होती. घर सामाईक, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, दोन्ही भावांची नावं. अप्पांना वाटत होतं की गणपतीत भाऊ येईल तेव्हा सांगू. काम तोवर सुरू झालं असतं. मी आणि त्यांच्या पत्नी, दोघांनीही आधी फोन करा असं सांगितलं. भावाने विरोध केला नाही, पण प्रश्न नेमका विचारला: "दादा, गॅरेज बांध, पण उद्या तिथे बाहेरच्यांच्या गाड्या लागल्या आणि तो धंदा झाला तर? आणि वाटण्या झाल्या तर ती जागा कोणाची धरायची?"

दोघांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहून सह्या केल्या. गॅरेज घरच्या गाड्यांपुरतंच. वरचा सांगाडा नटबोल्टचा, म्हणजे उद्या सोडवून हलवता येईल. ग्रामपंचायतीत अर्ज आणि नोंद दोघांच्या नावे. कोकणात सामाईक जागेत एक खांब रोवल्यावरून भावाभावांत वर्षानुवर्षं अबोला झालेली घरं मी पाहिली आहेत. या कागदाला खर्च शून्य आला आणि त्यातल्या दुसऱ्या अटीने छपराची रचनाच ठरवून टाकली.

खड्डा, लिफ्ट की घोड्या

अप्पांच्या पहिल्या आराखड्यात मधोमध खड्डा होता, पाच फूट खोल. मुंबईतल्या गॅरेजात खड्डा होता, एसटीच्या डेपोत असतो, रस्त्याकडेच्या सर्व्हिसिंगवाल्याकडेही असतो. गाडी वर घेतली की उभ्याने काम. खर्चही सगळ्यात कमी.

खड्ड्याविरुद्ध पहिली साक्ष विहिरीने दिली. जुलै-ऑगस्टमध्ये तिचं पाणी जमिनीपासून पाच-सहा फुटांवर येतं. गॅरेजची जागा विहिरीपेक्षा तीन फूट खाली. म्हणजे भर पावसात मूळ जमिनीखाली दोन-तीन फुटांवर पाणी असणार. अडीच फूट भराव धरला तरी खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीला टेकतो, आणि दापोलीत वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. काँक्रीटची पेटी करून वॉटरप्रूफिंग करता येतं, पण रिकाम्या पेटीला खालून पाणी वर ढकलतं आणि एक जरी सांधा फुटला तरी कायमचा पंप लावून बसावं लागतं. त्यात खर्च इतका वाढतो की खड्डा स्वस्त राहतच नाही.

दुसरी गोष्ट वाफांची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, एलपीजीही जड. ती खड्ड्यात उतरून साचते आणि तिथे हातदिव्याची एक ठिणगी पुरते. गावात एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक काका आहेत. ते खड्ड्याची बाजू घेतील अशी अप्पांची अपेक्षा होती. काका जागा बघून म्हणाले, "अप्पा, डेपोतल्या खड्ड्याला दोन्हीकडून पायऱ्या असतात आणि वर गाडी डिझेलची. तुझ्या खड्ड्याला एका टोकाला भिंत, वर आठशेची पेट्रोलची टाकी. आग लागली तर निघशील कुठून?" खड्डा तिथेच रद्द झाला.

दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट हा दुसरा पर्याय. कोटेशन दीड लाखाच्या आसपास आलं. गाडी माणसाच्या डोक्यावर उचलली जाते, काम सुखाचं होतं. पण अशा लिफ्टचा सगळा भार दोन खांबांच्या बुडाशी असलेल्या बोल्टांवर येतो, म्हणून खालचं काँक्रीट जाड, चांगल्या प्रतीचं आणि पूर्ण मुरलेलं लागतं. ताज्या भरावावर घातलेल्या फरशीवर पहिल्याच वर्षी लिफ्ट रोवायला मी तयार नव्हतो. शिवाय गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मोटार साधारण दोन किलोवॅटची.

तिसरा पर्याय साधा: सपाट काँक्रीट, तीन टनी ट्रॉली जॅक, चार घोड्या आणि आडवं सरकायला चाकांची फळी. घोडी म्हणजे जॅक स्टँड. जॅक फक्त उचलण्यासाठी, भार धरायचा तो घोडीने. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. उंची कमी मिळते, पाठ दुखते, गिअरबॉक्स उतरवताना दोन माणसं लागतात. पण घरच्या दोन गाड्यांची नव्वद टक्के कामं यात होतात, असं काका आणि अप्पा दोघांचंही मत पडलं.

ठरलं ते असं: आत्ता घोड्या. मात्र लिफ्टचे खांब जिथे येतील तिथे फरशी जाड ठेवायची आणि छप्परही लिफ्टच्या हिशेबाने उंच घ्यायचं. पुढे जेव्हा वाटेल तेव्हा लिफ्ट बसेल.

भराव आणि फरशी

माप १६ बाय २४ फूट ठरलं. बोलेरो साधारण १३ फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे राहतात, पुढे बाक ठेवूनही बॉनेट उघडून फिरता येतं. दोन गाड्यांचं गॅरेज करावं असा मोह होता. तो टाळला, कारण दुसरी जागा मोकळी राहत नाही, तिथे सामान साठतं.

उताराच्या बाजूला चिऱ्यांचं जोतं बांधून आत जांभ्याचा मुरूम भरला, सुमारे सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि मग दापोलीहून भाड्याने आणलेलं प्लेट कॉम्पॅक्टर. कडेला, जिथे यंत्र पोहोचत नव्हतं, तिथे गड्यांनी धुम्मस मारली.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला. आमच्याकडचे जुने गवंडी सांगतात की भरावाला एक पावसाळा खाऊ द्यावा, मग वर फरशी करावी. पावसाने भराव आपोआप बसतो आणि कुठे पोकळ आहे ते दिसतं. तसं केलं तर फरशी पुढच्या वर्षी. अप्पांना आणखी एक पावसाळा अंगणात जॅक लावायचा नव्हता, आणि घरातल्यांनी तर तो रस्ता बंदच केला होता. शिवाय मार्च संपताच गडी आंब्याच्या कामाला जातात. त्यानंतर पाऊस येईपर्यंत बांधकामाला माणूस मिळत नाही. यंत्राने दाबलेला भराव आहे, तेव्हा फेब्रुवारीत काँक्रीट करून टाकू, असं ठरलं. मीही होकार दिला. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं. त्याचा परिणाम पुढे येतोच.

मुरमावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, म्हणजे जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर येत नाही. कोकणात हा कागद गाळला तर फरशीला वर्षभर घाम फुटतो आणि पुढे रंग किंवा इपॉक्सी लावला तर पापुद्रे सुटतात. त्यावर ८ मिलिमीटर सळयांची जाळी, दोन्ही दिशांना आठ इंचांवर. फरशी सहा इंच जाड, लिफ्टच्या दोन जागी चार बाय चार फुटांच्या चौकोनात दहा इंच. सिमेंट, वाळू, खडीचं मिश्रण १:१.५:३. काँक्रीट दोन ब्रासच्या आसपास आणि सिमेंट पंचेचाळीसेक गोणी. मधोमध एक सांधा मुद्दाम ठेवला, म्हणजे तडा जाणारच असेल तर तो तिथून जाईल.

उतार द्यायचा की नाही, यावर बरीच चर्चा झाली. गवंड्याने फूटपट्टी लावून शंभरात एक उतार शटरकडे धरला होता, पाणी निघून जाण्यासाठी. पण उतारावर घोड्यांवर चढवलेली गाडी एका दिशेने कलते, ट्रॉली जॅक सरकतो आणि तेलाची पातळी बघतानाही गाडी समतल लागते. शेवटी कामाची जागा पूर्ण सपाट आणि शटरजवळचे तीन फूट तेवढे उताराचे, असं केलं. वर टाइल्स किंवा शहाबादी फरशी बसवली नाही. ट्रॉली जॅकच्या लोखंडी चाकाखाली सगळा भार एका बोटाएवढ्या जागेवर येतो आणि फरशी तडकते. काँक्रीटच घोटून गुळगुळीत केलं. कडेने मातीची आळी करून दोन आठवडे पाणी साठवलं आणि अठ्ठावीस दिवस त्यावर गाडी येऊ दिली नाही.

छप्पर आणि वीज

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. त्यामुळे वाऱ्याचा विचार आधी केला. खांबांना फरशीपासून वेगळे, स्वतंत्र पाये आणि त्यात रोवलेले बोल्ट. पत्र्याचे स्क्रू नेहमीपेक्षा जवळ, कडेच्या ओळीत आणखी जवळ. लिफ्टसाठी तुळईखाली साडेबारा फूट उंची घेतली: बोलेरो सहा फुटांहून थोडी उंच, ती सहा फूट वर उचलली की बारा फूट झालेच. उंच शेड वारा जास्त खाते, म्हणून तिरके आधार वाढले आणि लोखंडाचा खर्चही. दोन्ही त्रिकोणी भिंतींना अगदी वरच्या टोकाला जाळीचे झरोके ठेवले. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, गळला तर छपराशी जमतो. भावाची गाडी आत उभी राहणार म्हणून ही सोय.

शटर पश्चिमेला, कारण वाट त्या बाजूला. यावर त्या वेळी कोणी फारसा विचार केला नाही.

विजेसाठी मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची केबल, स्वतंत्र डीबी, म्हणजे स्विचांची पेटी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारं उपकरण. ओल्या फरशीवर, लोखंडी गाडीखाली आडवं पडून विजेची हत्यारं चालवायची तर या एका उपकरणावर तडजोड नको. अर्थिंगही स्वतंत्र घेतलं, पण उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततात. दिवे फक्त छताला लावले तर बॉनेटची सावली नेमकी इंजिनावर पडते. दोन्ही भिंतींना कमरेच्या उंचीवर एलईडी पट्ट्या लावल्या, त्याने फार फरक पडला.

हत्यारं आणि त्यांचा गंज

हत्यारांवर ऐंशी हजारांच्या आसपास खर्च झाला. जॅक आणि चार घोड्या, ८ ते ३२ चा गोटी पान्यांचा संच, रिंग आणि फिक्स पाने, टॉर्क रेंच, ग्रीस गन, मल्टिमीटर, भावाच्या गाडीसाठी बिघाडाचे कोड वाचणारा छोटा स्कॅनर, आणि दोन अश्वशक्तीचा कंप्रेसर. बाक ऐनाच्या जाड फळीचा, त्यावर व्हाईस. अप्पांकडची जुनी मुंबईची हत्यारं अजून चांगली होती, त्यामुळे यादी आटोपशीर राहिली. टॉर्क रेंच त्यांना सुरुवातीला अनावश्यक वाटत होता, हाताला अंदाज आहे असं म्हणत. गंजलेल्या बोल्टवर हाताचा अंदाज चुकतो, ताकद गंजाशी झगडण्यात जाते आणि पकड कमी बसते. काकांनी व्हील नट सोडवून पुन्हा मोजून दाखवल्यावर तो आला.

पावसाळ्यात लोखंडी कपाटातली हत्यारं आतूनच गंजतात. कपाटाच्या तळाशी पंधरा वॅटचा जुना पिवळा बल्ब सतत चालू ठेवला आणि पान्यांवर पातळ तेलाचा हात फिरवला. महागड्या उपायांची गरज पडली नाही.

जळकं तेल

गावात जळक्या तेलाला मागणी असते. वाळवी लागू नये म्हणून खांबांना, कुंपणाच्या मेढ्यांना ते फासतात, उरलेलं बांधावर ओततात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, पण गावात नियमापेक्षा विहिरीचा मुद्दा लोकांना लवकर पटतो. अप्पांनी झाकणाचे दोन कॅन ठेवले आहेत, एकात इंजिन ऑइल, दुसऱ्यात कूलंट आणि ब्रेक फ्लुइड. एकत्र मिसळलेलं तेल पुनर्प्रक्रियेला नेणारे घेत नाहीत. बोलेरोचं तेल बदललं की पाच-सहा लिटर निघतं. कॅन भरला की शहरातल्या ज्या वर्कशॉपमधून अधिकृत रीसायकलर तेल उचलतो तिथे तो पोहोचवतात. शेजारचे दोघे-तिघे अजून मागायला येतात आणि अप्पा देत नाहीत. त्यावरून थोडी नाराजी आहे.

पहिलं वर्ष

एप्रिलअखेर गॅरेज वापरात आलं आणि लगेच एक वेगळीच समस्या उभी राहिली. नवीन, कोरडी, उंदीर न शिरणारी शेड बघून घरातल्यांनी तिथे आंब्याची आढी लावली. भिंतीच्या कडेला भाताचा पेंढा, त्यात आंबे. एका बाजूला पेंढा, तीन फुटांवर मारुतीचं कार्बोरेटर उघडलेलं आणि बाकावर ग्राइंडर. मी गेलो तेव्हा हे दृश्य पाहून थांबलो आणि त्याच दिवशी आढी गोठ्यात हलवली. कोकणात घरगुती गॅरेज बांधणाऱ्या प्रत्येकाने मे महिन्यातली आढी, पेट्या आणि पेंढा कुठे जाणार हे आधीच ठरवायला हवं. आता दाराशी सहा किलोचं अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या आहेत, आणि पेंढा आत आणायचा नाही हा नियम घरातल्या सगळ्यांना पटलेला आहे.

जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला आणि पाऊस सरळ शटरवर आपटायला लागला. फटींतून पाणी आत, उताराच्या तीन फुटांपलीकडे सपाट फरशीवर. सपाट फरशीवरचं पाणी आपणहून जात नाही, वायपरने ओढावं लागतं. अप्पांनी तात्पुरते झावळ्यांचे झाप बांधले, पडवीला बांधतात तसे, आणि दिवाळीनंतर शटरपुढे सहा फुटांची पत्र्याची पडवी काढली.

ऑगस्टमध्ये फरशीला केसाएवढा तडा दिसला. बराचसा भाग मधल्या सांध्यातून गेला, पण एक फाटा उताराकडच्या कोपऱ्यात, जिथे भराव सगळ्यात जास्त होता. लिफ्टच्या जाड चौकोनांपासून तो लांब आहे. दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून महिन्याला मापलं, पाऊस संपल्यावर वाढ थांबली.

कामं म्हणाल तर दोन्ही गाड्यांचे ब्रेक, मारुतीची क्लच प्लेट आणि टायमिंग बेल्ट, बोलेरोच्या पुढच्या सस्पेन्शनचे बुश, गंजलेला ब्रेक पाइप, सगळं तेलपाणी घरी झालं. डिझेल पंप, एसीचा गॅस, व्हील अलाइनमेंट यांसाठी अजून शहरात जावं लागतं आणि जावंच. गणपतीत भावाची गाडी गॅरेजात उभी राहिली तेवढे दिवस काम बंद होतं. इंजिन चालू असताना शटर पूर्ण उघडं, हा नियम तेव्हा पाहुण्यांनाही सांगावा लागला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

एकूण खर्च साडेचार लाखांच्या आत. त्यात सगळ्यात मोठा वाटा शेडचा, मग भराव आणि फरशीचा, हत्यारांचा त्यानंतर. वाचलेल्या मजुरीतून हे पैसे लवकर फिटणार नाहीत, आणि त्या हिशेबाने कोणी गॅरेज बांधू नये असं मला वाटतं. इथे मिळालं ते म्हणजे हंगामात न अडकणारी गाडी आणि गाडीखाली निर्धास्त आडवं पडता येणं.

वेगळं काय करता आलं असतं

शटरची दिशा. वाट पश्चिमेला असली तरी गाडी वळवून उत्तरेकडून आत घेता आली असती. त्यासाठी पाच-सहा फूट जागा सोडावी लागली असती, पण पडवीचा खर्च आणि एका पावसाळ्याची ओढाताण वाचली असती. किनाऱ्यालगत कुठल्याही शेडचं तोंड ठरवताना जूनचा वारा आधी विचारात घ्यावा.

भरावाबद्दल माझं मत अजून विभागलेलं आहे. एक पावसाळा थांबलो असतो तर तो तडा बहुधा गेला नसता. पण थांबलो असतो तर त्या पावसाळ्यात बोलेरोचा ब्रेक पाइप अंगणात, चिखलात बदलावा लागला असता. मधला मार्ग होता: उताराकडचा आठ फुटांचा पट्टा तेवढा पुढच्या वर्षासाठी सोडून, मूळ जमिनीलगतची १६ बाय १६ ची फरशी आधी करायची. हा पर्याय त्या वेळी कोणी मांडला नाही. पुन्हा कोणी विचारलं तर मी तोच सुचवेन.

कंप्रेसर मोठा झाला. हवा भरणं आणि धूळ उडवणं याखेरीज तो फारसा चालला नाही आणि संध्याकाळच्या पडत्या व्होल्टेजला सुरूही होत नाही. त्या पैशांत पडवी झाली असती.

छपराच्या उंचीचा निर्णय अजून बरोबर की चूक ते ठरलेलं नाही. लिफ्ट आली नाही तर तीन फूट जादा उंची उगाचच वाऱ्याला दिली असं होईल. लिफ्टचा विचार आता दोन गोष्टींवर अडला आहे. एक, येत्या पावसाळ्यात पेन्सिलच्या खुणांपलीकडे तडा सरकतो का. दोन, वीज. थ्री-फेज जोडणीसाठी अर्ज करायचा की सिंगल-फेज मोटारीवर भागवायचं, यावर दोघा भावांचं बोलणं चालू आहे. भावाने निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे, पण तसं झालं तर सामाईकीच्या कागदावर लिफ्ट कोणाची हे नव्याने लिहावं लागेल.